अर्ध्या तासाची डुलकी दीड तासावर कशी न्यावी

झोपवायला चाळीस मिनिटं आणि झोप पस्तीस मिनिटांची. तेवढ्यात आईची एक तर आंघोळ होते नाहीतर जेवण, दोन्ही होत नाही. पाच-सहा महिन्यांचं बाळ असलेल्या बहुतेक घरांत हेच चालू असतं. सगळे दबक्या पावलांनी चालतात, कुकरची शिट्टी उचलून धरतात, तरी बाळ घड्याळ लावल्यासारखं त्याच मिनिटाला उठतं.

याचं कारण झोपेच्या रचनेत आहे. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ४० ते ५० मिनिटांचं असतं (मोठ्यांचं ९० च्या आसपास). प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप उथळ होते. आपणही रात्रीतून अनेकदा असे चाळवतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी आठवतही नाही. बाळाला दोन आवर्तनांमधला हा सांधा दिवसा ओलांडता येत नाही, कारण दिवसा मुळात झोपेची ओढ रात्रीपेक्षा कमी, त्यात उजेड आणि वर्दळ. तो सांधा ओलांडला जाईल की नाही हे बरंचसं झोपण्याआधीच ठरलेलं असतं: बाळ किती वेळ जागं होतं, पोट कितपत भरलं होतं, आणि डोळे मिटताना भोवती जे होतं तेच डोळे किलकिले करताना आहे का. म्हणून मेहनत घ्यायची ती डुलकीच्या आधीच्या दोन तासांत.

आधी वय बघा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार चोवीस तासांत तीन महिन्यांपर्यंत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांत डुलक्या धरून १२ ते १६ तास आणि एक ते दोन वर्षांत ११ ते १४ तास झोप हवी. बाळ या पट्ट्यात असेल, उठल्यावर हसत असेल आणि वजन नीट वाढत असेल, तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार डुलक्या घेतल्या तरी त्यात बिघडलेलं काहीच नाही. गैरसोय आपली असते, आजार बाळाचा नसतो.

पहिल्या तीन महिन्यांत डुलकी लांबवायच्या फंदात पडूच नका. दिवस-रात्रीचं घड्याळ शरीरात अजून बसलेलं नसतं, झोप कधी वीस मिनिटं तर कधी तीन तास. या काळात एवढंच करा: दिवसा पडदे उघडे आणि घराचे नेहमीचे आवाज, रात्री मंद दिवा आणि कमी बोलणं.

चौथ्या महिन्याच्या आसपास एक गंमत होते. दोन-दोन तास झोपणारं बाळ अचानक पस्तीस मिनिटांवर येतं. घरात लगेच दृष्ट लागली म्हणतात. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळा, पण हे वाढीचं लक्षण आहे. झोपेची आवर्तनं मोठ्या माणसांसारखी बांधली जायला लागली की सांधे ठळक होतात. खरं काम सुरू करायचं ते पाचवा महिना संपत आला की. त्या सुमारास बऱ्याच बाळांची एक डुलकी आपोआप लांबायलाही लागते, त्यामुळे श्रेय कोणाचं हे फार मोजत बसू नये.

सुरुवात करण्यापूर्वी दुखणं नाही ना हे पाहा. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब झोपेच्या आधी. कान सतत ओढणं आणि ताप, अंगावर खाजरे चट्टे, प्रत्येक पाजण्यानंतर ओकून रडणं, सर्दी नसतानाही रोज घोरणं, वजन न वाढणं यातलं काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग हा लेख.

जागेपणाची वेळ

दोन झोपांमध्ये बाळ किती वेळ जागं राहू शकतं, त्याचा ढोबळ अंदाज असा:

दीड महिन्यापर्यंत ४५ ते ६० मिनिटं
तीन महिन्यांपर्यंत १ ते दीड तास
तीन-चार महिने दीड ते २ तास
पाच-सहा महिने २ ते अडीच तास
सात ते नऊ महिने अडीच ते ३ तास
दहा महिने ते वर्ष ३ ते ४ तास

हे आकडे अनुभवाचे आहेत, शास्त्राचा नियम नव्हे. तुमचं बाळ अर्धा तास इकडेतिकडे असू शकतं. सकाळची पहिली खेप सगळ्यात आखूड असते, संध्याकाळची सगळ्यात लांब. वेळ मोजायची ती बाळाचे डोळे उघडल्यापासून पुन्हा मिटेपर्यंत, झोळीत घालेपर्यंत नव्हे.

तुमच्या बाळाचा आकडा काढायला चार दिवस एका वहीत चारच गोष्टी लिहा: उठलं किती वाजता, झोपवायला घेतलं किती वाजता, झोपलं किती वाजता, पुन्हा उठलं किती वाजता आणि कसं. हे 'कसं' महत्त्वाचं. झोपवायला अर्धा तास लागला, बाळ खेळत राहिलं आणि पस्तीस मिनिटांनी हसत उठलं, तर बहुधा ते पुरेसं दमलेलंच नव्हतं. पुढच्या वेळी १० ते १५ मिनिटं उशिरा घ्या. उलट झोपायच्या आधी ताठ होऊन, कमान करून रडलं, मग पटकन झोपलं आणि अर्ध्या तासात रडतच उठलं, तर ते अति दमलं होतं. १० ते १५ मिनिटं आधी घ्या. एक बदल केला की तीन दिवस तोच ठेवा. रोज नवा प्रयोग केला तर वहीतून काही कळत नाही.

झोपेची खूण म्हणून सगळे जांभईची वाट पाहतात, पण त्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. नजर एका जागी ठरते. हातातला खुळखुळा तसाच राहतो. भुवयांभोवती लालसर होतं. तोंड फिरवून बाळ खांद्यात खुपसतं. ही वेळ साधायची. डोळे आणि कान चोळणं, किरकिर, मागे झुकणं म्हणजे गाडी स्टेशन सोडून निघाली. सहा महिन्यांनंतर मात्र या खुणा फसव्या होतात; कंटाळलेलं बाळही जांभया देतं. तेव्हा खुणांपेक्षा घड्याळावर जास्त भरवसा ठेवा.

सगळ्या डुलक्या एकदम सुधारायला जाऊ नका. फक्त सकाळची पहिली धरा. रात्रीच्या झोपेला ती सगळ्यात जवळची, त्यामुळे बाळ सहज झोपतं, आणि आपल्याकडे ती बहुतेकदा मालिश-आंघोळीनंतर येते. बाकीच्या डुलक्या कडेवर, गाडीत, मांडीवर, जशा होतील तशा होऊ द्या. पहिली सलग आठवडाभर तासापलीकडे गेली की मग दुपारच्या जेवणानंतरची घ्या. संध्याकाळची डुलकी छोटीच राहते. तिच्यामागे लागू नये.

मालिश, आंघोळ आणि पोट

मालिशवाल्या मावशी दहाला येणार आणि बाळाची झोपेची वेळ साडेनऊला, हा गोंधळ बऱ्याच घरांत असतो. मग दमलेल्या बाळाला चोळलं जातं, ते आकांत करतं, आणि आंघोळीनंतर दूध अर्धवट पिऊनच झोपतं. अर्धवट पोटाची झोप अर्ध्या तासात उतरते. मावशींना वेळ बदलून मागा, नाहीतर आधी एक छोटी डुलकी होऊ द्या.

बाळ उठल्यावर आधी दूध, मग पाऊण तास मध्ये जाऊ द्यायचा, मग पंधरा-वीस मिनिटं मालिश, कोमट पाण्याची आंघोळ, कपडे, आणि पुन्हा पोटभर दूध. स्तनपान करताना बाळ पेंगायला लागलं तर तळपायाला हलकेच बोट फिरवा, बाजू बदला, ढेकर काढा. ढेकरेसाठी दहा मिनिटं उभं धरणं इथे वाया जात नाही. धुरी टाळाच, शेगडीवर ओवा-वेखंड-ऊद टाकून केलेला धूर छातीत जातो, आणि त्यानंतर बाळ गाढ झोपतं ते आंघोळीमुळे आणि दुधामुळे.

आंघोळीनंतरची झोप तीन-चार तास ताणली जात असेल तर अडीच तासांवर उठवा. दिवसाची पाजणी चुकली की ती रात्री दोन वाजता भरून निघते.

खोली आणि अंथरूण

अंधार हवा तो असा, की हातातल्या वर्तमानपत्राचा मथळा जेमतेम वाचता यावा. खिडकीच्या काचेला काळा कागद चिकटवला तरी काम होतं. वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार. तिथे स्वयंपाकघराच्या विरुद्ध कोपरा, खिडकीला जाड चादर आणि पंख्याचा सलग आवाज एवढं पुरतं. पाळण्यावर किंवा बाबागाडीवर चादर टाकून अंधार करू नका, आतली हवा कोंडते आणि तापते. मोबाइलवर पावसाचा वगैरे आवाज लावायचा तर फोन बाळापासून दोन मीटर दूर आणि आवाज इतका हळू की त्यावरून साध्या आवाजात बोलता यावं. तो आवाज डुलकीभर चालू राहिला पाहिजे. वीस मिनिटांनी बंद पडणारा आवाज नेमका सांध्याच्या तोंडावर बदल घडवतो. दाराची बेल काढून ठेवा आणि कुरिअरवाल्यासाठी चिठ्ठी लावा, हा बिनखर्चाचा उपाय बरेच जण विसरतात.

उकाड्यात आणि जास्त कपड्यांत बाळ सारखं चाळवतं. एसी असेल तर २४ ते २६ अंश, नसेल तर पंखा, विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात कूलर, फक्त झोत थेट अंगावर नको. हातपाय गार लागले म्हणून स्वेटर चढवू नका. मानेच्या मागे दोन बोटं घालून पाहा. तिथे घाम किंवा चटका लागला तर एक कपडा कमी. घरात झोपताना टोपडं नको, कारण बाळ बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं.

अंथरूण घट्ट आणि सपाट, चादर ताणून बसवलेली, बाळ पाठीवर. त्यावर उशी, गोधडी, तक्के, मऊ खेळणी काही नको. मोहरीची उशीही नको. डोकं गोल व्हावं म्हणून ती वापरतात, पण सैल भरलेल्या उशीत तोंड रुतू शकतं. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये यासाठी रोज डोक्याची दिशा बदला आणि जागेपणी पोटावर खेळवा. पलंगावर बाळाला ठेवून चारी बाजूंनी लोड लावणं हा तर दुहेरी धोका, गुदमरायचा आणि पडायचाही. त्यापेक्षा भिंतीपासून दूर जमिनीवरची पातळ गादी बरी. डासांसाठी मच्छरदाणी, कॉइल नको.

दुपट्यात गुंडाळणं पहिल्या तीन महिन्यांत खरंच उपयोगी पडतं, कारण हात दचकून उडाले की बाळ उठतं. हात आत घट्ट, पण कमरेखाली सैल. गुडघे वाकवून पाय बेडकासारखे फाकता आले पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. कुशीवर वळायचा पहिला प्रयत्न दिसला त्या दिवसापासून गुंडाळणं बंद.

झोळीचं काय करायचं

झोळीतल्या बाळाला झोपवणं सोपं, यात शंका नाही. अंगाभोवती कापड, सलग हेलकावा, अंधार, तिन्ही एका ठिकाणी. अडचण दोन बाजूंनी येते. एक सुरक्षिततेची: झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाची श्वासनलिका त्या कोनात दबू शकते. वळायला लागलेलं बाळ कापडात तोंड खुपसून अडकतं, आणि जवळच्या मोठ्या भावंडाने दिलेला एक झोकाही अपघाताला पुरतो. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदाच झाला, १० अंशांपेक्षा जास्त कलते, बाळाला झोपवण्यासाठी विकले जाणारे पाळणे तिथे विकता येत नाहीत. तिकडच्या नातेवाइकांनी पाठवलेला जुना कलता पाळणा घरात असेल तर तोही झोपेसाठी वापरू नका.

दुसरी अडचण डुलकीची. झोळी थांबली की सांध्याशी बाळाला तो बदल जाणवतो. म्हणून घरातलं कोणीतरी दोरी हातात धरून बसतं आणि अर्ध्या तासाला पुन्हा झोका देतं. झोळी सोडवायची तर एका दिवसात सोडवू नका:

१. पहिले तीन-चार दिवस झोका तसाच, पण बाळ पुरतं झोपण्याआधी, डोळे जड झाले की थांबवा. बाळ हललं तर झोका न देता छातीवर हात ठेवा.

२. पुढचे चार दिवस झोळीऐवजी मांडीवर जोजवा, त्याच गाण्याने, त्याच वेळी.

३. मग मांडीवर पाच मिनिटं आणि उरलेलं गादीवर थोपटून.

४. शेवटी सरळ गादीवर, शेजारी तुम्ही.

अधल्यामधल्या दिवशी फार रडलं तर एक पायरी मागे या. दोन-तीन आठवडे लागतात. या काळात झोळी खुंटीवरून काढून कपाटात ठेवली नाही तर दुपारी चार वाजता तिच्याकडेच हात जातो.

झोपवायची कृती

पंधरा मिनिटांपेक्षा लांब विधी नको. लंगोट बदला, पडदा ओढा, आवाज सुरू करा, कडेवर घेऊन एकच अंगाई दोनदा. नवनवी गाणी जागं करतात. तेच ते गाणं झोपवतं. स्तनपानावर झोपायची सवय असेल तर पाच महिन्यांनंतर दूध या क्रमात सगळ्यात पुढे घ्या, म्हणजे दूध आणि डोळे मिटणं यांत दहा मिनिटांचं अंतर पडेल. त्याआधी स्तनाशी झोपलं तर झोपू द्या.

पाठ टेकली की जागं होणारं बाळ बहुधा चुकीच्या क्षणी किंवा चुकीच्या पद्धतीने ठेवलेलं असतं. लहान बाळ आधी हलक्या झोपेत जातं: पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, श्वास अनियमित चालतो. तेव्हा ठेवायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी मनगट उचलून सोडून पाहा. हात लुळा पडला, श्वास एका लयीत आला की ठेवा. गादीपर्यंत बाळ छातीशीच राहू द्या, तुम्हीच खाली वाका. आधी टाचा टेकवा, मग ढुंगण, मग पाठ, आणि डोकं सगळ्यात शेवटी; डोकं आधी खाली गेलं की पडल्याचा भास होऊन हात उडतात. पाठीखालचा हात लगेच ओढू नका. दुसरा हात छातीवर ठेवा, मग खालचा सरकवा, मग छातीवरचा दाब दोन मिनिटांत हळूहळू हलका करा. एकदम उचललेल्या हाताने अर्धी मेहनत जाते.

पाच-सहा महिन्यांच्या बाळाला पेंगुळलेलं पण जागं असताना ठेवायचा प्रयत्न दिवसातून एकदाच करा, पहिल्या डुलकीला. कुशीवर थोडं वळवून ढुंगणावर थोपटा, सेकंदाला एक अशा लयीत, झोप लागली की पाठीवर करा. थोपटण्याची लय आधी मंद करा, मग जोर कमी करा, मग नुसता हात. दहा-पंधरा मिनिटांत जमलं नाही तर नेहमीच्या पद्धतीने झोपवा. दिवसा एकटं रडत ठेवून डुलकी लांबल्याचं क्वचितच दिसतं. डुलकीची वेळ रडण्यात जाते आणि पुढचा दिवस विस्कटतो.

सांध्याशी काय करायचं

वहीवरून बाळ कितव्या मिनिटाला उठतं ते कळलेलं असेल. पस्तिसाव्या मिनिटाला उठत असेल तर तिसाव्या मिनिटाला शेजारी जाऊन बसा. पहिली चाळवाचाळव दिसली की छातीवर तळवा ठेवा, थोपटणं सुरू करा, तोंडाने लांब 'श्श्श' काढा. डोळे उघडायच्या आत हे झालं पाहिजे. डोळे पूर्ण उघडून नजरानजर झाल्यावर उपयोग कमी.

पण प्रत्येक हुंकाराला हात लावू नका. बाळं झोपेत कण्हतात, पाय झाडतात, क्षणभर रडतातही आणि पुन्हा शांत होतात. आवाज वाढत चालला आहे का एवढं दोन मिनिटं बघा. वाढला तर हात, नाहीतर नाही. घाईने उचलून घेतलेलं बाळ कित्येकदा झोपेतलंच असतं.

उठलंच, तर दहा ते पंधरा मिनिटं पुन्हा झोपवून पाहा, हवं तर छातीशी घेऊन. झोपलं तर ती डुलकी तशीच कुशीत पूर्ण होऊ द्या, पण तुम्ही जागे राहा. सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागणं फार धोक्याचं. नाही झोपलं तर पडदे उघडा आणि पुढची झोप अर्धा तास अलीकडे घ्या. हा क्रम आठ-दहा दिवस सलग चालवल्यावर मदतीचा हात आधी उशिरा, मग कमी वेळ लागतो.

आजी, मावशी किंवा पाळणाघरातल्या ताई प्रत्येकाने वेगळी पद्धत वापरली तरी बाळ गोंधळतं असं नाही. आजीकडे मांडीवर झोपायचं हे त्याला पक्कं कळतं. फक्त वेळ सगळ्यांनी एकच पाळावी. पद्धतीवरून आजीशी वाद घालण्यापेक्षा वही भिंतीला टांगलेली बरी.

झोपेसाठी द्यायचं नाही असं

जायफळ उगाळून चाटवणं, मधातली गुटी, सर्दीच्या औषधाचे दोन थेंब. तिन्ही नको. जायफळ जास्त झालं तर विषासारखं काम करतं आणि उगाळताना मात्रा कळत नाही. मधातून बोट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचा) धोका असल्याने वर्षापर्यंत मध नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय काहीच नाही. सर्दीच्या औषधात नेहमी सापडणाऱ्या क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या जोडीबद्दल केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापायला लावला आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका एकेकाळी बाळाला अफूच्या बाळगोळ्या देऊन कामावर जात. बाळ शांत पडून राहिलं म्हणजे ते झोपलं, हा समज तेव्हाही महाग पडला होता.

पुढे बदलत जाणारं

सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान तीनाच्या दोन डुलक्या होतात. संध्याकाळच्या डुलकीला बाळ दोन आठवडे नकार देत राहिलं की ती सोडा आणि रात्रीची झोप तेवढे दिवस अर्धा-पाऊण तास लवकर करा. दोनाची एक होते ती बहुधा तेरा ते अठरा महिन्यांत. वर्षाच्या वाढदिवसाच्या सुमारास आलेला नकार बरेचदा तात्पुरता असतो, म्हणून सकाळची डुलकी लगेच बंद करू नका, आधी ४५ मिनिटांवर आखडा. रांगायला, उभं राहायला लागलं की काही दिवस बाळ गादीवर सरावच करत बसतं. जागेपणी जमिनीवर भरपूर मोकळं सोडलं की ते ओसरतं. शेवटची डुलकी रात्रीच्या झोपेआधी तीन तास संपलेली असावी, लहान बाळाच्या बाबतीत दोन तास. संध्याकाळी सातला तासभर झोपलेल्या दहा महिन्यांच्या बाळाला साडेनऊला झोपवण्याचा कोणताही उपाय नाही.